आमच्या दाराजवळचा चौकोन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या वहिनींचे. त्यांचं नाव अनसूया. मी सहा वर्षांचा असताना त्या लग्न होऊन आमच्या घरी आल्या. मला तेव्हा स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, तरी त्या पहिल्या दिवसापासून मला 'भाऊजी' म्हणाल्या. पुढे आई गेली, थोरला भाऊ बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला लागला आणि घर वहिनींवर आलं. लोकांच्या शेतात निंदन करून त्यांनी मला आदिलाबादच्या कॉलेजात पाठवलं. आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला माणूस मी. वहिनींना मात्र लिहिता-वाचता येत नाही.

हे लिहायला एक कारण घडलं. मी आता शाळेत शिकवतो. गेल्या महिन्यात एका मुलीची आई शाळेच्या फाटकाशी आली. नवऱ्याला टीबी झाला आहे, हे तिने इतक्या हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. मग म्हणाली, "गुरुजी, तुमालेबी झालता म्हनतात. तुमी कसं लपवलं होतं?" बरं कसं झालो, हे तिने विचारलं नाही. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे.

कळलं तो दिवस

उन्हाळ्याचे दिवस होते. महिनाभर खोकला होता, संध्याकाळी अंग तापायचं, आणि एक दिवस थुंकीत रक्त दिसलं. वहिनींनी मला जैनथवरून बसने आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दोन दिवस थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी फोटो खिडकीकडे धरला आणि हिंदीत सांगितलं, "टीबी है. दवा पूरी खाओगे तो ठीक हो जाओगे. बीच में छोड़ोगे तो फिर हमारे हाथ में कुछ नहीं."

मी बाहेर येऊन कडुलिंबाच्या पारावर बसलो. मला काहीच वाटत नव्हतं. समोर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता, तेवढं लक्षात आहे. वहिनी जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे गावात कोनाले सांगू नका. संगीताचं जुळून राह्यलं."

संगीता ही त्यांची मुलगी, माझी पुतणी, एकोणीस वर्षांची. मुधोळच्या बाजूच्या एका घरी तिची बोलणी चालू होती. मुलगा क्लार्क होता. घरात टीबी आहे म्हटल्यावर त्या काळी लोक आमच्या दारातलं पाणीही प्यायले नसते.

मी म्हणालो, "नाही सांगत."

ही माझी कबुली आधीच लिहून ठेवतो. पुढे मी वहिनींना जे बोललो, ते बोलताना मला हे दोन शब्द आठवले नाहीत.

वॉर्ड

मला पंधरा दिवस भरती करून घेतलं. रोज एक सुई, मूठभर गोळ्या, सकाळी फिनाईलचा वास. वहिनी माझ्या खाटेखाली पटकूर टाकून झोपायच्या आणि मागच्या शेडमध्ये तीन दगडांवर भाकरी करायच्या. शेजारच्या खाटेवर खाणीतले एक म्हातारे कामगार होते, सगळे त्यांना ताता, म्हणजे आजोबा, म्हणत. मी बी.ए. झालेला म्हणून ते मला मास्टर म्हणत. मी गोळ्या मोजताना पाहिल्यावर ते म्हणायचे, "मास्टर, गिनना मत. गिनने से बढ़ती है." सुट्टी मिळाली त्या दिवशी त्यांनी मला आपला पेला दिला. टीबी झालेल्याने टीबी झालेल्याला पेला देताना कोणीच दचकत नाही, हे सुख मला तिथेच मिळालं.

निघताना एक कार्ड दिलं. पुढच्या गोळ्या आमच्या भागातल्या उपकेंद्राची आरोग्य सेविका घरी आणून देईल, असं सांगितलं. तिचं नाव सरोजना. तेलुगू बाई, मराठी मोडकी. गावात सगळे तिला सिस्टर म्हणत.

चौकोन

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. आमच्याकडे प्रत्येक घराच्या दाराजवळ भिंतीवर आरोग्य खात्याने गेरूचा एक चौकोन काढलेला असायचा. सेविका घरी येऊन गेली की त्यात निळ्या खडूने तारीख टाकायची. घरात असा दीर्घ आजार असला तर तारखेपुढे तेलुगूतलं एक अक्षरही लिहायची.

मी घराच्या मागच्या अंगणात कुडाच्या खोलीत राहायचो. वहिनींनी माझं ताट, तांब्या, गोधडी तिकडेच ठेवली होती. दाराशी कोण येतं-जातं ते मला दिसत नसे. सिस्टर पहिल्यांदा आली, तारीख टाकून अक्षर लिहून गेली. वहिनींना अक्षर वाचता आलं नाही, पण शेजारच्या कोणत्याच चौकोनात तसं काही नाही, हे त्यांनी पाहिलं. पांढऱ्या मातीचा पोतारा घेऊन त्यांनी अख्खा चौकोन पुसला. मग सिस्टरला वेशीजवळ गाठून हात जोडले. "बाई, घरी येऊ नका. दर बुधवारी मीच येते गोळ्याले. कोनाले सांगू नका."

सिस्टरने आधी नाही म्हटलं. मग संगीताच्या लग्नाचं ऐकून कबूल झाली.

हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "वहिनी, सिस्टर काऊन येत नाही?"

"कोन जाने," वहिनी म्हणाल्या. "सरकारी मानसं. म्या आनते नं."

उपकेंद्र नाल्याच्या पलीकडे, दीड तासाच्या वाटेवर. बुधवारी वहिनींचं काम बुडायचं. निंदनाला बाया एका ओळीत बसतात, प्रत्येकीला एक पट्टा वाटून दिलेला असतो, त्याला पात म्हणतात. एक बाई आली नाही तर तिची पात मागे राहते आणि मुकादम ओरडतो. वहिनी दर बुधवारी पात सोडत होत्या, आणि कारण विचारलं तर कंबर दुखते म्हणत होत्या.

अकरा दिवस

पोळ्याच्या आधी चार दिवस झड लागली. नाल्याला पूर आला. मागच्या बुधवारी उपकेंद्रात गोळ्या कमी होत्या, त्या शुक्रवारीच संपल्या. आणि या बुधवारी मुधोळकडचे पाहुणे संगीताला पाहायला आले.

वहिनींनी मला सकाळीच सांगितलं, "भाऊजी, आज जरा..." मला कळलं. पाहुणे बसले होते तितका वेळ मी मागच्या खोलीत गोधडीत तोंड खुपसून खोकला दाबला. डोळ्यांतून पाणी आलं. पुढून बशांचा आवाज येत होता.

नेमकी तेव्हाच सिस्टर आली. नाला भरला म्हणून वहिनी येऊ शकणार नाहीत, हे तिने ओळखलं होतं. ती सडकेने लांबचा फेरा घेऊन, गोळ्या पिशवीत घेऊन, भिजत आली होती. वहिनींनी तिला दारातून पाहिलं आणि पाहुण्यांच्या नकळत हाताने 'जा' अशी खूण केली. सिस्टर परत गेली. पुन्हा गोळ्या मिळाल्या त्या नाला उतरल्यावर, पुढच्या बुधवारी. सगळा मिळून अकरा दिवसांचा खंड पडला.

ताप परत आला, रक्त परत आलं. आदिलाबादला डॉक्टरांनी कार्ड पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, "फिर पहले दिन से. अब एक बार और छूटी, तो मेरे पास मत आना."

पहिल्या दिवसापासून. त्या दिवशी मला खरी भीती वाटली. पहिल्या वेळी मला मरणाची कल्पना नव्हती, या वेळी होती.

माझा अर्ज

घरी येऊन मी कागद घेतला. मला वाटत होतं, सिस्टर आमच्या वस्तीत येत नाही, आमच्या दाराला पाय लावत नाही, म्हणून माझ्यावर ही पाळी आली. बी.ए. झाल्याचा सगळा राग आणि सगळी भाषा त्या अर्जात उतरली. 'सदर आरोग्य सेविका आपल्या कर्तव्यात जाणीवपूर्वक कसूर करीत असून आमच्या घरी एकदाही आलेली नाही, सबब तिच्यावर योग्य ती कारवाई व्हावी.' एक प्रत पंचायतीला, एक मंडळ कचेरीला, म्हणजे तालुक्याला. आजाराचं नाव मी त्यात लिहिलं नाही. 'दीर्घ आजार' असं लिहिलं.

वहिनींना मी तो वाचून दाखवला नाही. दाखवला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

वर्षभरापूर्वी पंचायतीच्या निवडणुका झाल्या होत्या. सेविकेच्या महिन्याच्या हजेरीवर आमच्याकडे पंचायतीची सही लागायची. आमच्या वॉर्डातून वहिनींबरोबर निंदनाला जाणाऱ्या गिरजाबाई निवडून आल्या होत्या. बायकांच्या राखीव जागेवर त्यांना उभं केलं ते त्या गप्प बसतील म्हणून, आणि त्या गप्प बसत नाहीत हे पहिल्याच बैठकीत सगळ्यांना कळलं. सरपंच विठ्ठलरावांनी माझा अर्ज वाचला आणि सिस्टरची वही मागवली. वहीत आमच्या घरापुढे 'बरा' आणि तारखा. ती वही सिस्टरने तशी भरली होती, वहिनींना दिलेला शब्द राखायला.

गिरजाबाई म्हणाल्या, "वही तं बसल्या जागी बी भरते मानूस. मले वाचता येत नाही, तुमाले येते तरी काय फायदा? चला, भिताडी पाहू."

"सगळ्या गावाच्या?" सरपंचांनी विचारलं.

"मतं मागाले सगळ्या गावात गेलते नं?"

लोक हसले आणि निघाले. सरपंच, गिरजाबाई, पंचायतीचे सेक्रेटरी, मागे पंधरा-वीस माणसं, आणि छत्री मिटून धरलेली सिस्टर. भिंतीमागून भिंत पाहिली. सगळीकडे निळ्या तारखा होत्या. आमच्या वस्तीतही होत्या, आमच्या दोन्ही बाजूंच्या घरांवरही होत्या. मी काठी टेकत मागे चाललो होतो. आमच्या दाराशी आलो. भिंत कोरी होती.

"बरोबर हाय मास्तरचं," सरपंच म्हणाले. "याच्याच घरी नाही आली. काऊन वो सिस्टर?"

सिस्टरने वहिनींकडे पाहिलं. "मी आला होता," एवढंच म्हणाली आणि थांबली. तिच्यावर कारवाईचा कागद मंडळ कचेरीत जाणार, हे तिला ठाऊक होतं. तरी ती पुढचं वाक्य बोलली नाही.

गिरजाबाई भिंतीजवळ गेल्या. नखाने जरा खरवडलं. "अनसूया, सारं भिताड दिवाळीच्या पोताऱ्याचं, अन् येवढाच तुकडा नवा काऊन वं?"

वहिनी दारात उभ्या होत्या. पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाल्या, "म्याच पुसलं. सिस्टर येत होती. म्याच येऊ देल्लं नाही. भाऊजीले टीबी हाये. तिची काही चूक नाही."

शेजारचे आबाजी म्हणाले, "आमाले तं उन्हाळ्यापासूनच मालूम हाय. खोकला काय भिताडीनं अडते का बाई? तू सांगत नव्हती म्हनून आमी पुसत नव्हतो."

वहिनींनी तीन महिने जे लपवायला जिवाचं रान केलं होतं, ते गावाला सुरुवातीपासून माहीत होतं. त्या खाली बसल्या. आणि मी, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तो सगळ्यांसमोर ओरडलो, "वहिनी, तुमी माह्या जिवाशी खेळल्या!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या संगीताला घेऊन पैनगंगेपलीकडे माहेरी गेल्या. चुलीवर माझी भाकर झाकलेली होती, बाजूला त्या दिवसाच्या गोळ्या वाटीत काढून ठेवल्या होत्या. मुधोळकडच्यांचा निरोप त्याच आठवड्यात आला. नकार होता.

ठराव

मी पंचायतीत जाऊन अर्ज मागे घेतला. मंडळ कचेरीलाही तसं लिहून पाठवलं. सिस्टरची माफी मागितली. ती म्हणाली, "मास्टर, गोली खाल्ला का?" मी हो म्हटलं. "मग झाला."

मला वाटलं, विषय संपला. गिरजाबाईंना तसं वाटलं नाही. पुढच्या ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या.

"गोळ्या सरकारनं देल्ल्या, आनाले सिस्टर हाये. पन ज्या बाईनं तीन महिने उष्टं-खरकटं काढलं, दर बुधवारी पात सोडली, तिले कोन पुसलं? तिलेबी खोकला असंन तं? तिचं कोनत्या वहीत हाये?"

सेक्रेटरी म्हणाले, "बाई, असा ठराव कोणत्याच नमुन्यात बसत नाही."

"नमुना नसंन तं कोऱ्या कागदावर लिहा. कागद कोरा हाये नं?"

ठराव झाला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, ज्या घरात दीर्घ आजार आहे तिथे सिस्टरने आजाऱ्याबरोबर त्याचं करणाऱ्या माणसालाही पाहावं, आणि चौकोनात त्याच्यासाठी खाली दुसरा खाना काढावा. पंचायतीने महिन्याला दोन्ही खाने पाहावेत. तारखेपुढचं अक्षर लिहू नये. दुसरी गोष्ट निंदनाच्या बायांनी स्वतःच कबूल केली. असं करणारी बाई ज्या दिवशी औषधासाठी जाईल, त्या दिवशी तिची पात शेजारच्या दोघींनी मधून ओढून न्यावी आणि मुकादमाने तिची हजेरी लावावी. मुकादम कुरकुरला. गिरजाबाई म्हणाल्या, "तुह्या घरी कोनी बिमार पडंन तवा बोलू."

तो ठराव आमच्या गावात अजून पाळला जातो. फाटकाशी आलेल्या त्या बाईला मी हेच सांगणार आहे: लपवायला जितकं बळ लागतं, त्याच्या अर्ध्यात मदत मागून होते. आणि घरात जो आजारी नाही त्याचीही थुंकी तपासून घ्या.

त्या दिवसांत माझी भाकर वस्तीतल्या बाया पाळीपाळीने करत होत्या. गोळी एक दिवसही चुकली नाही. पण दर वेळी वाटी पाहिली की वहिनी आठवत. शेवटी मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांच्या माहेरी पत्र पोस्टमनच वाचून दाखवायचा, ओसरीवर, चार माणसांत. हे मला माहीत होतं, म्हणून चार वेळा लिहिलं आणि तीन वेळा फाडलं. वहिनींनी ते पत्र ट्रंकेत जपून ठेवलं, म्हणून आज ते तसंच उतरवून देतो आहे. पत्र पोचल्यावर आठ दिवसांनी त्या आल्या. बसमधून उतरल्या आणि पहिलं विचारलं, "गोळी घेतली का?" वर्षभराने मी बरा झालो. संगीताचं पुढे दोन वर्षांनी चांगलं झालं, आणि त्या लोकांना वहिनींनी सगळं आधीच सांगितलं होतं.

पत्र असं होतं.

*ती. वहिनींना प्रल्हादचा शिरसाष्टांग नमस्कार.*

*हे पत्र पोस्टमनकाका मोठ्याने वाचतील. वाचू द्या. मी तुम्हाला चार लोकांत बोललो, म्हणून माफीही चार लोकांत मागतो. ओसरीवर जे बसले असतील त्यांनी ऐकावं, की माझ्या वहिनींनी माझं आईसारखं केलं आणि मी त्यांना वाईट बोललो. चूक माझी होती.*

*तुम्ही लपवलं तेव्हा मीही हो म्हटलं होतं. कडुलिंबाच्या पारावर. पाहुणे आले त्या दिवशी गोधडीत तोंड मीच दाबलं होतं, तुम्ही दाबलं नव्हतं. अर्ज लिहिताना हे मी विसरलो. तुम्हाला वाचून दाखवायला पाहिजे होता.*

*माझ्या दुखण्याचं नाव मी या पत्रात लिहिलेलं नाही. ते कोणाला सांगायचं, कोणाला नाही, ते तुम्ही आणि संगीता ठरवा. इकडे मी कोणी विचारलं तर सांगतो, तिकडचं तुमचं.*

*मी गोळ्या घेतो. ताप उतरला आहे. भाकर मिळते, पण तुमच्यासारखी पातळ कोणाचीच होत नाही. आबाजी रोज येऊन बसतात आणि माझा खोकला कालच्यापेक्षा कमी आहे का ते सांगतात. दादांना मी बेल्लमपल्लीला सगळं कळवलं आहे. ते तुमच्यावर रागावलेले नाहीत.*

*तुमची पात दोन्ही बाजूंच्या गिरजाबाई आणि द्वारका मधून ओढून नेतात. मुकादमाने नवी बाई लावतो म्हटलं, तर त्यांनी लावू दिली नाही. पऱ्हाटीचं निंदन अजून पंधरा दिवस चालेल.*

*सिस्टर दर बुधवारी घरी येतात. त्यांनी दाराजवळ नवा चौकोन काढला आहे. पंचायतीने ठरवल्याप्रमाणे त्यात आता दोन खाने आहेत, वरचा माझा आणि खालचा तुमचा. तुम्हालाही तपासायचं आहे, असं त्या म्हणतात. काल त्यांनी खडू हातात घेऊन विचारलं, वयनी कुठे? मी म्हटलं, येतील.*

*माझ्या खान्यात तीन तारखा झाल्या. तुमचा खाना कोरा आहे.*

*तुमचा,*
*प्रल्हाद*